गंगेचा तांब्या रामेश्वरला न्यायचा आहे: सहा जणांच्या प्रवासाची तयारी आणि बचत

सोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. आमच्या देवघरात नऊ वर्षांपासून गंगेचा एक सीलबंद तांब्या ठेवलेला आहे. सासूबाई भजनी मंडळाबरोबर काशीला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी तो आणला. काशीची गंगा रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे त्या मानतात. तगादा मात्र कधी लावत नाहीत, फक्त दर श्रावणात तो तांब्या चिंच लावून घासताना एकदा सुस्कारा टाकतात. आता त्यांचे वय ६७ आहे, सासरे ७२ वर्षांचे असून त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, आणि मुलगा आठवीत आहे, म्हणजे तो दहावीत जाण्याच्या आत गेलो नाही तर पुढची तीन-चार वर्षे घराबाहेर पाऊल पडणार नाही. धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे. अशा सहा जणांनी पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि जमल्यास तंजावर असा आठ-नऊ दिवसांचा प्रवास करावा, असे आमच्या मनात आहे.

मी औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहिते. दुकानाचा ताळेबंद पैशापर्यंत जुळतो आणि घराचा मात्र महिनाअखेरीस कधीच जुळत नाही, म्हणून आमचा अंदाज तुमच्यासमोर ठेवते. रेल्वेच्या थर्ड एसीचे जाऊन-येऊन भाडे, सासू-सासऱ्यांची ज्येष्ठांची सवलत आणि मुलीचे अर्धे तिकीट धरून, १७,००० रुपये, खोल्यांचे ३०,०००, मदुराईपासून फिरण्यासाठी भाड्याच्या गाडीचे २२,०००, आणि जेवणखाणाचे १८,०००. बेरीज ८७,००० होते, ती आम्ही ९०,००० धरली आहे. आमच्या दोघांच्या पगारातून महिन्याला सात हजार बाजूला काढता येतील, असे वाटते. बचत खात्यात ठेवलेले पैसे आमच्याकडे टिकत नाहीत, कारण कधी गॅस संपतो, कधी कोणाच्या लग्नाचा आहेर निघतो. ओळखीच्या बायकांची पाच हजारांची भिशी सुरू होत आहे. तीत शिरावे, की बँकेत आवर्ती ठेव काढावी, की पोस्टात? शिवाय सासूबाई स्वतःच्या साठवणुकीतले पैसे देऊ करत आहेत. ते घ्यावेत की नाहीत, यावर नवऱ्याचे आणि माझे एकमत होत नाही.

हिशेबी

ताई, मी बँकेत ३४ वर्षे काढली असल्यामुळे आधी ठेवीचे बोलतो. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि ती मुदतीपूर्वी बंद करण्याची मुभा तीन वर्षांनंतर मिळते, म्हणून तिचे व्याज कितीही बरे दिसले तरी ती तुमच्या उपयोगाची नाही. बँकेची आवर्ती ठेव मात्र अनेक बँकांत सहा महिन्यांपासून पुढे, हव्या तितक्या महिन्यांची काढता येते. दर सध्या सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहेत. महिन्याला सात हजार याप्रमाणे चौदा महिने भरलेत, तर तुमचे ९८,००० रुपये जातील आणि व्याज जेमतेम चार हजार मिळेल. हा आकडा मुद्दाम सांगतो आहे, कारण अर्ध्या टक्क्याच्या लोभाने लोक कुठल्या तरी पतसंस्थेत पैसे ठेवतात आणि आयत्या वेळी रांगेत उभे राहतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते नसते. आवर्ती ठेवीचा खरा फायदा व्याजात नसून ती मोडायला शाखेत जावे लागते किंवा निदान मोबाइलवर चार बटणे दाबावी लागतात आणि तेवढ्या वेळात माणसाचा विचार बदलतो, यात आहे.

आता दुसरे. तुमच्या अंदाजात एक जुनी चूक आहे. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत आलेली नाही. पूर्वी पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि स्त्रियांना ५८ व्या वर्षानंतर ५० टक्के सूट होती. अजूनही अनेकांच्या डोक्यात तेच आकडे असतात. मुलीचे अर्धे तिकीट काढता येईल, पण त्या तिकिटावर तिला स्वतंत्र बर्थ मिळणार नाही. जवळपास एक दिवसाचा प्रवास असेल तर तिचे पूर्ण तिकीट काढणेच शहाणपणाचे आहे. माणशी अठराशे धरले तर सहा जणांचे जाऊन-येऊन २२,००० च्या घरात जातील.

उंटावरचा_शहाणा

एवढा खटाटोप कशासाठी? हल्ली फोनवर दहा मिनिटांत प्रवासासाठी कर्ज मिळते. आधी फिरून या, मग निवांत फेडत बसा. म्हातारी माणसे थांबत नाहीत, हप्ते थांबतात.

डोंबिवली_फास्ट

हप्ते थांबत नाहीत, शहाणे, हे मी अनुभवाने सांगते. आम्ही तीन वर्षांपूर्वी मनालीसाठी असेच ८०,००० रुपये घेतले होते. व्याज १६ टक्के, मुदत दोन वर्षे, हप्ता ३,९०० च्या थोडा वर. परतफेड पूर्ण झाली तेव्हा ९४,००० भरले होते, म्हणजे चौदा हजार रुपये नुसते घाईचे. त्याशिवाय प्रक्रिया शुल्क म्हणून त्यांनी सुरुवातीलाच काही रक्कम कापून घेतली होती, ती वेगळी. पण पैशांपेक्षा मला लागलेली गोष्ट निराळी होती. मनालीचे फोटो बघावेसे वाटण्याचे दिवस सरले तरी हप्ता सुरूच होता, आणि त्या दोन वर्षांत आम्ही माथेरानलासुद्धा गेलो नाही.

माणदेशी

भिशीबद्दल लिहितो. माझ्या बायकोने बारा जणींची पाच हजारांची भिशी लावली होती आणि तेव्हा आमचे ध्येय गोवा होते. तिची चिठ्ठी दुसऱ्याच महिन्यात निघाली. साठ हजार हातात आले, गोव्याला अजून नऊ महिने होते, आणि आमचा जुना फ्रिज नेमका त्याच आठवड्यात बंद पडला. फ्रिज आला, उरलेले कुठे गेले ते आजवर कळलेले नाही, आणि पुढचे दहा महिने पाच-पाच हजार भरणे मात्र चुकले नाही. भिशी वाईट नसते, आमच्यातले कोणी बुडवलेही नाही. पण भिशीचे पैसे चिठ्ठी निघेल तेव्हा मिळतात, आपली गाडी सुटेल तेव्हा नव्हे. शेवटचा नंबर आधीच मागून घेता येत असेल तर विचार करावा, मात्र मग बिनव्याजी पैसे सर्वांत शेवटी घेणारे तुम्हीच असाल, हेही लक्षात घ्यावे.

एक विचारायचे राहिले. तुमच्या यजमानांच्या पगारात प्रवास भत्ता, म्हणजे एलटीए, आहे का? असल्यास आणि ते जुन्या करप्रणालीत असल्यास चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांचे भाडे करमुक्त मिळते. २०२२ ते २०२५ हा एक गट असून पुढचा २०२६ ते २०२९ असा आहे. त्यात आई-वडील अवलंबून असतील तर त्यांचेही भाडे धरता येते. फक्त भाडे, खोल्या आणि जेवण नव्हे. नव्या करप्रणालीत ही सवलत मुळीच नाही.

चेन्नईतला_मराठी

ताई, तुमच्या पैशांच्या प्रश्नाकडे येण्याआधी मला तुमच्या तारखांची काळजी वाटते. मी इथे एकोणीस वर्षे राहतो आणि दर दिवाळीला महाराष्ट्रातून येणारी मंडळी छत्री न घेता येतात, कारण आपल्याकडे पाऊस संपलेला असतो. तमिळनाडूचा मुख्य पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर हाच असतो. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून येतात, आणि त्याच काळात या किनाऱ्यावर चक्रीवादळे धडकतात. रामेश्वरच्या टोकाला असलेले धनुष्कोडी हे गाव डिसेंबर १९६४ च्या वादळात असेच एका रात्रीत गेले. रामेश्वर बेटावरच्याच पांबनहून तिकडे निघालेली प्रवासी रेल्वेगाडीही त्या लाटांत वाहून गेली. दरवर्षी तसे होत नाही, हे खरेच; पण कन्याकुमारीला समुद्र खवळला की विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणारी बोट बंद ठेवतात, रामेश्वरला अंगणभर पाणी साचते, आणि सहा जणांचे आठ दिवसांचे पैसे खोलीत बसून पाऊस बघण्यात जातात. आपली दिवाळीची सुट्टी आणि इथला पावसाळा नेमके एकमेकांवर पडतात, हीच या सहलीची खरी अडचण आहे.

मे महिन्याचा विचार करत असाल तर तोही सोडा. मे महिन्यात मदुराईच्या देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी चालणे तुमच्या सासऱ्यांना झेपणार नाही. नाताळच्या सुट्टीत हवा त्यातल्या त्यात बरी असते, पण तेव्हा शबरीमलेचा हंगाम भरात असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरज्योतीपर्यंत, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपासपर्यंत, काळी वस्त्रे नेसलेले अय्यप्पाचे भक्त परतीच्या वाटेवर मदुराई, रामेश्वर आणि कन्याकुमारी करतात, आणि लगेच पोंगलची सुट्टी लागते. खोल्यांचे भाव तेव्हा दीडपट-दुप्पट होतात. २० जानेवारीनंतर हे सगळे ओसरते, पाऊस थांबलेला असतो आणि ऊन चढलेले नसते. माझे मत विचाराल तर जानेवारी २०२७ चा शेवटचा आठवडा गाठावा. मात्र अमावास्येला रामेश्वरला पितृकार्यासाठी अफाट गर्दी होते, विशेषतः तमिळ तै महिन्यातल्या, तेवढा दिवस टाळावा.

आणि तंजावर "जमल्यास" म्हणून शेवटी लिहू नका, ही विनंती. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा लेख मराठीत आहे, भिंतीवर ओळीमागून ओळी. तमिळ देशात उभे राहून मुलगा ती अक्षरे वाचू लागतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघावे.

सोलापूरची_सून

पाऊस! आम्ही सगळे विचारात घेतले होते, वारसुद्धा पाहिले होते, पण पाऊस कोणाच्याच मनात आला नाही, कारण दिवाळीत पाऊस नसतो हे आम्ही गृहीत धरूनच चाललो होतो. सासरे हे वाचून म्हणाले की भूगोलाच्या पुस्तकात हे होते. जानेवारी पटते आहे, फक्त मुलाची नववी आणि मुलीची पाचवी तेव्हा चालू असेल. शाळा बुडवून नेणे योग्य ठरेल का?

खडू_फळा

मी शिक्षिका आहे, त्यामुळे माझे उत्तर पालकांना आवडते आणि मुख्याध्यापकांना आवडत नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बहुतेक शाळांचे स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा आटोपलेल्या असतात आणि वार्षिक परीक्षेला अजून अवकाश असतो. २६ जानेवारी २०२७ मंगळवारी येते. म्हणजे आधीचा शनिवार-रविवार आणि नंतरचा शनिवार-रविवार जोडून घेतल्यास मुलांचे सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असे चारच दिवस बुडतात. पाचवीचे काहीही बिघडत नाही. नववीच्या मुलासाठी जून महिन्यातच वर्गशिक्षकांशी बोलून ठेवा आणि लेखी अर्ज द्या. आजारपणाची खोटी चिठ्ठी मात्र कृपा करून आणू नका, कारण परत आल्यावर मूल वर्गात पांबनच्या पुलाची गोष्ट सांगतेच.

भटकभवानी

तारखा ठरत आल्या असतील तर आता तिकिटांविषयी, कारण सहा जणांच्या प्रवासात सगळ्यात जास्त पैसे तिकीट उशिरा काढल्याने जातात. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे, आणि त्यात प्रवासाचा दिवस मोजत नाहीत. इथे सोलापूरकरांची एक खास गफलत होते. मुंबईहून रात्री सुटणारी दक्षिणेकडची गाडी सोलापूरला पहाटे, म्हणजे दुसऱ्या तारखेला येते, पण आरक्षण उघडण्याचा दिवस गाडी जिथून सुटते त्या स्थानकावरच्या तारखेवरून मोजतात. समजा गाडी मुंबईहून २० जानेवारीला सुटून सोलापूरला २१ ला पोहोचत असेल, तर तुमचे आरक्षण २१ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल. तुम्ही सोलापूरच्या तारखेवरून मोजून २२ ला बसलात, तर मुंबई-पुण्याच्या लोकांनी एक दिवस आधीच खालचे बर्थ नेलेले असतील. परतीच्या तिकिटाचा दिवस अर्थातच वेगळा येईल. दोन्ही दिवस दिनदर्शिकेवर आत्ताच लाल शाईने लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट सासऱ्यांच्या गुडघ्याची. सहाही जणांचे एकच तिकीट काढण्याचा मोह होतो, कारण एका तिकिटावर सहा नावे बसतात. पण ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेल्या खालच्या बर्थांचा कोटा हवा असेल, तर तिकिटावर फक्त ज्येष्ठच, तेही एक किंवा दोन, असावे लागतात. बरोबर तरुण माणसाचे नाव आले की त्या कोट्याचा विचार होत नाही. म्हणून त्या दोघांचे तिकीट वेगळे काढा आणि तुमचे चौघांचे वेगळे. डबा निराळा येण्याचा धोका आहे, पण गाडी एकच असते आणि डब्याडब्यांतून चालत जाता येते; मधल्या बर्थवर चढायला लावण्यापेक्षा ते बरे.

गाडीभाड्याचा तुमचा २२,००० चा अंदाज कशावरून केला, ते कळले नाही. मोठी गाडी किलोमीटरच्या दराने ठरते आणि रोजचे किमान २५० किलोमीटर धरले जातात, तुम्ही फिरा अथवा न फिरा. मीनाक्षी मंदिरासह तिकडची बहुतेक देवळे दुपारी बंद असतात, त्यामुळे अर्धा दिवस गाडी हॉटेलखाली उभी असते आणि मीटर मात्र तुमच्या नावाने चालू असतो. त्यावर ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, टोल, पार्किंग. सात दिवस गाडी ठेवलीत तर २० रुपये दराने १,७५० किलोमीटरचे ३५,००० झाले, बाकी वेगळे. माझा सल्ला असा आहे की मदुराई ते रामेश्वर हे १७० किलोमीटर रेल्वेने जा. एप्रिल २०२५ मध्ये पांबनचा नवा पूल सुरू झाल्यापासून गाड्या पुन्हा थेट रामेश्वरला जाऊ लागल्या आहेत. समुद्रावरून जाणारी ती रेल्वे मुलांना कुठल्याही इनोव्हापेक्षा जास्त आवडेल आणि तिकीट अगदी किरकोळ आहे. भाड्याची गाडी रामेश्वर ते कन्याकुमारी आणि तिथून परत मदुराई, एवढ्यापुरती चार दिवस ठेवा.

हिशेबी

भटकभवानींनी दिलेल्या तारखांमुळे माझ्या सल्ल्यात दुरुस्ती करतो. तुमचे पैसे जानेवारीत एकदम लागणार नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी तिकिटे काढायची आहेत आणि खोल्यांचे आगाऊ पैसे भरायचे आहेत. सगळी रक्कम जानेवारीत पिकणाऱ्या एकाच ठेवीत अडकवलीत, तर तिकिटांसाठी क्रेडिट कार्ड काढाल आणि तिथून घसरण सुरू होईल. म्हणून सात हजारांचे दोन भाग करा. तीन हजारांची बारा महिन्यांची ठेव आत्ता, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सुरू केली तर पुढच्या नोव्हेंबरात सुमारे ३७,००० हातात येतील. चार हजारांची चौदा महिन्यांची ठेव जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ५८,००० देईल. हप्ता कापण्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. महिन्याच्या २५ तारखेला उरले तर टाकू, असे म्हणणाऱ्यांच्या ठेवी मी चौतीस वर्षे बुडताना पाहिल्या आहेत. वारसाचे नाव लावायला विसरू नका.

सासूबाईंच्या पैशांविषयी माझे मत असे आहे की ते घ्यावेत. मात्र ते रेल्वेभाड्यात किंवा खोल्यांत मिसळू नका. ज्या गोष्टी त्यांच्या मनाच्या आहेत, म्हणजे अभिषेक, तीर्थस्नान, दक्षिणा, नातलगांसाठी घ्यायच्या वस्तू, त्या त्यांच्या पैशांतून होऊ द्या. माझ्या आईने द्वारकेला जाताना स्वतःचे तीन हजार दिले होते. ते मी तिकिटात घातले, आणि तिथे प्रत्येक पेढ्याच्या पुड्यासाठी तिला माझ्याकडे हात पसरावा लागला. ती काही बोलली नाही. मला ते फार उशिरा लक्षात आले.

चेन्नईतला_मराठी

खोल्यांविषयी थोडे. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या पावत्या पाहून अंदाज केला असेल तर थोडी सूट धरा. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राच्या आवारात राहण्याची साधी, स्वच्छ आणि स्वस्त सोय आहे. आवार मोठे आहे, मोर फिरत असतात, आणि ज्या एकनाथजी रानडे यांनी शिलास्मारकाचे काम १९७० मध्ये पूर्णत्वास नेले, ते मूळचे विदर्भातले असल्यामुळे मराठी माणसाला तिथे उगीचच आपलेपणा वाटतो. रामेश्वरला मात्र खोली देवळापासून चालत पाच मिनिटांच्या आतच घ्या, भले चारशे रुपये जास्त पडोत. आधी समुद्रात अग्नितीर्थावर स्नान, मग देवळातल्या २२ तीर्थकुंडांचे पाणी अंगावर घेणे, आणि मग ओल्या कपड्यांनी खोलीवर परत येऊन कोरडे कपडे घालून दर्शनाला जाणे, असा तो क्रम असतो. फरशी सतत ओली असते. गुडघा दुखणाऱ्या माणसाने तीर्थांचा हट्ट धरू नये. सासऱ्यांना दर्शनालाच न्या.

सोलापूरची_सून

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व. मध्ये घरात बरीच चर्चा झाली. नवरा नव्या करप्रणालीत असल्यामुळे माणदेशींनी सांगितलेली सवलत आम्हाला मिळणार नाही, पण निदान विचारून झाले. भिशी सोडली. दोन्ही आवर्ती ठेवी सुरू केल्या असून पहिला हप्ता गेला आहे.

नवा हिशेब असा झाला. रेल्वे २२,०००, मदुराई ते रामेश्वरचे १,०००, सात रात्रींच्या दोन-दोन खोल्या २८,०००, चार दिवसांची गाडी भत्ता-टोलसह २५,०००, जेवणखाण २४,००० (मी १८,००० धरले होते, पण त्यात रेल्वेतले दोन दिवस आणि मुलांचे आइस्क्रीम धरायला विसरले होते), पूजा, तीर्थ, बोट आणि वाटाडे मिळून ८,०००, खरेदी १०,०००. बेरीज १,१८,००० आणि अडीअडचणीला १२,०००, म्हणजे एक लाख तीस हजार. आमचा पहिला आकडा ९०,००० होता. दुकानात कोणी असा अंदाज आणला असता तर मी त्याला परत पाठवले असते. ठेवींचे साडेपंचाण्णव हजार, पुढच्या दिवाळीच्या बोनसातले वीस हजार आणि सासूबाईंचे पंधरा हजार मिळून रक्कम जमते, आणि सासूबाईंचे पैसे हिशेबीकाकांनी सांगितले तसेच त्यांच्याच बटव्यात राहतील. त्यांनी त्यातून मदुराईची सुंगुडी साडी घेण्याचे आत्ताच जाहीर केले आहे.

तंजावर गाळले आहे. चेन्नईकर, रागावू नका. कन्याकुमारीहून तिकडे जायचे तर आणखी दोन दिवस आणि पंधरा हजार लागतात, आणि सासऱ्यांना सलग आठ तास गाडीत बसवणे नको वाटले. ते स्वतः तयार होते. मी नाही म्हटले.

चेन्नईतला_मराठी

रागावलो नाही, पण पटलेही नाही. मुलाची बारावी झाली की त्याला एकट्याला पाठवा, माझ्याकडे उतरेल.

डोंबिवली_फास्ट

अडीअडचणीचे १२,००० वेगळ्या खात्यात ठेवा, आणि सासू-सासऱ्यांची औषधे आठ नव्हे तर बारा दिवसांची घ्या. तुम्ही त्याच व्यवसायात आहात, तेव्हा हे सांगणे म्हणजे आगाऊपणाच.

माणदेशी

ताई, एक शंका. आमच्या आजीचा गंगेचा गडू असाच अनेक वर्षे देवघरात होता. रामेश्वरला नेऊन पुजाऱ्यासमोर फोडला तेव्हा आत काहीच नव्हते, कारण झाकणाच्या कडेचे डाख कधीतरी सुटले होते आणि पाणी उडून गेले होते. तिथे सीलबंद गंगा विकत मिळते, ती घेऊन अभिषेक केला, पण आजीचा चेहरा पाहवला नाही. तुमचा तांब्या आत्ताच एकदा हलवून बघा.

सोलापूरची_सून

तुमचा प्रतिसाद वाचल्या वाचल्या उठले. माझी हलवायची हिंमत झाली नाही, म्हणून सासूबाईंनाच सांगितले. त्यांनी तो खाली काढला, कानाशी धरला आणि दोनदा हलवला. पाणी आहे. अर्ध्या तांब्याइतकाच आवाज येतो, असे त्या म्हणाल्या, आणि उद्या डाख लावणाऱ्याकडे जायचे ठरले आहे.